आईचा चेहरा येईल असा कॅमेरा

आमच्या दिग्रसच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक माणूस कोट-टाय घालून टांगलेला आहे. रंगानं गोरा, गालावर गुलाबी झाक, ओठ लिपस्टिक लावल्यासारखे. येणारे-जाणारे त्याला माझा बाप समजतात. माझ्या बापानं जन्मात कोट घातला नाही. जिनिंगमध्ये काम करणारा माणूस तो. कापसाच्या धुळीनं भुवया पांढऱ्या आणि बाकी काळा कुळकुळीत. तो गेला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो नव्हता; मोठ्या बहिणीच्या लग्नातल्या फोटोंत त्याच्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. मतदार कार्डावरचा नखाएवढा फोटो आम्ही गावातल्या स्टुडिओवाल्याला दिला. त्यानं त्यातलं मुंडकं काढून कोणाच्या तरी कोटावर बसवलं आणि तोंडाला असा चुना फासला की आईनं फ्रेम हातात घेऊन विचारलं, "हा कोन हाय?"

तरी ती रोज संध्याकाळी त्या परक्या माणसासमोर मेणबत्ती लावते. दुसरं करणार काय? लावायला तोच आहे.

मला त्या स्टुडिओवाल्याचा राग आहे. होता नाही, आहे. आणि बापाचा फोटो हे त्याचं दुसरं पाप. पहिलं त्यानं त्याच्याही आधी, माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात केलं. आमच्या बौद्धांच्या लग्नात पांढरं नेसतात. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात, आणि मांडवातल्या निम्म्या बायाही पांढऱ्याच साड्यांत. लग्न भर दुपारचं, उन्हाळ्यातलं. वंदना झाली, हार घातले, फुलं पडली आणि घरच्यांचा फोटो काढायला सगळे उभे राहिले. हा शहाणा कॅमेऱ्यातून पाहतो, पुन्हा पाहतो, आणि सगळ्या मांडवासमोर माझ्या आईला म्हणतो, "काकू, तुमी बाजूले व्हा. पांढऱ्यात तुमचं तोंड निरा काळं येऊन राह्यलं, सगळा फोटो बिघडते."

लोक हसले. आईपण हसली. हसत हसतच ती बाजूला झाली, आणि त्यानंतर आजतागायत कोणाच्याही फोटोत उभी राहिली नाही. त्या अल्बममध्ये तिचा एक खांदा आहे आणि साडीचा काठ. बापाच्या तेरवीला नाही, माझ्या पदवीदानाला नाही, बहिणीच्या लेकरांच्या वाढदिवसाला नाही. कोणी मोबाइल वर केला की ही पदर तोंडावर घेऊन स्वयंपाकघरात. आधार कार्डावर आहे तेवढीच.

पुढे कधीतरी मी कॅमेऱ्याचे व्हिडिओ पाहायला लागले. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी आली की उपास. उन्हाळ्यात मला वेळच वेळ असतो. तेव्हा मला ती साधी गोष्ट कळली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेऱ्याला अक्कल नसते. समोर पांढरं फार दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो उजेड तोडतो. मग पांढरं करडं येतं आणि आमच्यासारख्यांची तोंडं कोळशासारखी. त्यावर उपाय आहे एक अधिक-उण्याचं बटण. ते दाबायचं, उजेड थोडा वाढवायचा, झालं. त्या बह्यताडाला उभ्या हयातीत ते बटण दाबता आलं नाही, आणि दोष कोणाचा? माझ्या आईच्या कातडीचा!

गेल्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि मी ठरवलं की कॅमेरा घ्यायचा. मोठा, लेन्स बदलता येणारा, डीएसएलआर म्हणतात तो. मला फोटोग्राफर व्हायचं नव्हतं. पक्षी काढायचे नव्हते की सूर्यास्त काढायचे नव्हते. मला आईचा एक फोटो हवा होता, ती आहे तशी. भावाच्या लग्नात ती पांढरी साडी नेसून तयार होईल, त्या दिवशी काढायचा. तेवढ्याचसाठी.

मी आईला सांगितलं तेव्हा ती वालाच्या शेंगा मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी मेल्यावर लावाले फोटो पायजे का तुले?"

"होय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"मंग आधार कार्ड हाय ना," ती म्हणाली आणि शेंगा मोडत राहिली.

आता सल्लागारांबद्दल. आपल्याकडे कॅमेरा घ्यायचा म्हटलं की घरातला प्रत्येक माणूस जाणकार होतो. बाभुळगावचे माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, त्यांच्याकडे महागडा मोबाइल आहे, म्हणून त्यांना फोटोग्राफी येते असा त्यांचा समज. ते खास त्या कामासाठी दिग्रसला आले. दोन वेळचं जेवले आणि म्हणाले, "डीएसएलआर आता कोनी घेते का? गेला जमाना. मिररलेस घ्या नाहीतर घेऊच नका."

मिररलेस म्हणजे नवा प्रकार. त्याच्या लेन्सशिवायच्या नुसत्या डब्याच्या किमतीत माझं वर्ष निघतं. मी म्हटलं, भाऊजी, पैसे तुम्ही देता का? तर ते म्हणाले, "मंग मोबाइल काय वाईट हाय? हे पाहा." आणि माझा फोटो काढून दाखवला. फोटोत मी पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखी दिसत होते. नाक बारीक, गाल गुळगुळीत. कोणी न सांगता मोबाइलनंच मला गोरी केलं होतं.

"काय ग्लो आला पाहा!" भाऊजी म्हणाले.

मी ताट उचललं आणि आत गेले. जावयाला शिव्या देता येत नाहीत, नाहीतर त्या दिवशी दिल्या असत्या.

ऑनलाइन मागव, असं भाऊ म्हणाला. पण डोळे झाकून मागवायचा कसा? मला तर एकच गोष्ट पाहायची होती: भर उन्हात, पांढऱ्या साडीतली, काळ्या रंगाची बाई या कॅमेऱ्यात नीट येते का, आणि येण्यासाठी मला किती झगडावं लागतं. ही परीक्षा कोणत्याही वेबसाइटवर नव्हती. तिथे सगळीकडे गोऱ्या पोरी हिरवळीवर हसत होत्या. आईला दुकानात नेणं शक्य नव्हतं. पण रंग मी आईचाच घेतला आहे, एक छटा इकडे नाही की तिकडे. मी आईची पांढरी साडी मागितली.

"माही साडी तुले कायले पायजे?"

"कॅमेरा घ्याले चालली."

"कॅमेऱ्याले साडी नेसवतं का वं?" आई म्हणाली. पण दिली. इस्त्री करून दिली.

पांढरी साडी, पांढरं ब्लाउज, कपाळाला काही नाही, हातात घड्याळ. अशी मी सकाळच्या गाडीनं यवतमाळला निघाले. गाडीत गर्दी होती. एका म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या माणसाला उठवलं आणि मला बसायला जागा दिली. वर माझा हात थोपटला. मला वाटलं, लोक चांगले आहेत. दारव्ह्याला कंडक्टर सुट्या पैशांवरून सगळ्यांवर खेकसत होता, माझ्याशी मात्र हळू बोलला. यवतमाळच्या वेशीवरची लोहाऱ्याची एमआयडीसी आली तरी माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता.

पहिल्या दुकानात काही घडलं नाही. तिथल्या माणसानं माझ्याकडे न पाहता, "लेडीजसाठी हलका आहे, इन्स्टासाठी एकदम बेस्ट," म्हणून एक कॅमेरा पुढे सरकवला. त्याला बाहेर उन्हात चला म्हटलं तर म्हणाला डेमो बाहेर नेता येत नाही. मी नमस्कार करून निघाले.

दुसरं दुकान मोठं होतं. काचेचं दार, आत थंड हवा, भिंतीवर झुंबराखाली उभ्या नवरा-नवरींचे ताटाएवढे फोटो. मालक स्वतः गल्ल्यावर होता. पन्नाशीचा, चेहऱ्यावर तेल लावल्यासारखं हसू. मी आत गेले तसा तो उभाच राहिला. "या ताई, बसा ताई. पाणी आण रे." बजेट विचारलं, मी सांगितलं, त्यानं नाक मुरडलं नाही. उलट म्हणाला, "तुमच्यासाठी थोडं कमी करू, ताई. चिंता करू नका." मला संशय यायला हवा होता. यवतमाळात कोणी न मागता कमी करत नाही.

त्यानं दोन कॅमेरे काढले. एक नवा, डब्बाबंद, नवशिक्यांसाठीचा. त्याच्यासोबत दोन लेन्स, बॅग, कार्ड, तीन पायांचा स्टँड, सगळं फुकट. दुसरा जुना, कोणीतरी वापरून विकलेला, जड, कोपऱ्यावरचा रंग उडालेला, त्याला एकच छोटी लेन्स. दोन्ही जवळजवळ एकाच किमतीचे. जुना त्यानं का काढला विचारलं तर म्हणाला, "दाखवाले पायजे म्हणून. घ्या तं तुमी नवाच."

"बाहेर चला," मी म्हणाले.

"कुठं?"

"उन्हात. माझा फोटो काढा. आधी नव्यानं, मग जुन्यानं."

तो हसला, मग पाहिलं की मी हसत नाही, मग आला. दुकानाच्या पायऱ्यांवर मी उभी राहिले. दुपारचं ऊन डोक्यावर. त्यानं नवा कॅमेरा ऑटोवर टाकला आणि फोटो काढला. स्क्रीनवर हाताची सावली करून मी पाहिलं. जे आयुष्यभर पाहिलं तेच. साडी पोतेऱ्याच्या रंगाची आणि त्यावर एक काळा ठिपका, ज्याला नाक-डोळे असल्याचा फक्त अंदाज येत होता.

"तोंड कुठं आहे माझं?" मी विचारलं.

"ताई, ते आता एडिटिंगमध्ये होऊन जाते. एकदम गोरं करता येते."

आता माझा ताबा सुटला. "मी गोरं करायला आले का? मी काळी आहे. मला काळंच काढा, पण मला काढा! नाक काढा, डोळे काढा! आंधळ्यालासुद्धा दिसतं की ही बाई आहे, तुमच्या मशीनला दिसत नाही?"

मी मोठ्यानंच बोलले असेन, कारण शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस बाहेर आला, उसाच्या रसाच्या गाडीवरची गिऱ्हाइकं ग्लास घेऊन वळली. मला त्यांची लाज वाटली नाही. मालकाला मात्र वाटली. तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, मी समजू शकतो. दुःखात माणूस चिडतेच. किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस?"

"मिस्टर जाऊन."

मग गाडीतली म्हातारी आठवली, तो कंडक्टर आठवला, न मागता कमी केलेली किंमत आठवली. सकाळपासून सगळं गाव मला नवऱ्याच्या मागे राहिलेली बाई समजून जपत होतं! आणि हा इसम तर मेलेल्या नवऱ्याच्या नावानं मला सूट देत होता.

"माझं लग्नच नाही झालं," मी म्हणाले.

"मंग ही साडी?"

"आमच्यात लग्नाला नेसतात ही. सणाला नेसतात. जयंतीला नेसतात."

त्याला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हसू गेलं नाही, नुसतं गार झालं. "अच्छा," तो म्हणाला. "अच्छा अच्छा. तुमच्यात." आणि त्यानंतर त्यानं मला एकदाही ताई म्हटलं नाही. पाणी आणायला सांगितलं होतं तेही आलं नाही.

खरं सांगते, तिथून निघून यावं असंच वाटलं. पण मग पुढच्या दुकानात कोण मोठा समजूतदार बसला होता? आणि आल्या पावली परत गेले असते तर आईची साडी फुकट मळली असती. मी म्हटलं, जुना आणा.

"जुन्यात काही ठेवलं नाही मॅडम."

"आणा."

आणला. या वेळी मी फोटो काढणार आणि तो उभा राहणार असं मी सांगितलं. रंगानं तो काही फार उजळ नव्हता आणि शर्ट पांढराच होता. तोच माझा नमुना. त्याला ते बिलकूल आवडलं नाही. पण भांडेवाला पाहत होता, रसवाला पाहत होता, आणि गिऱ्हाईक अजून गिऱ्हाईकच होतं. तो पायरीवर हात बांधून, रागानं उभा राहिला.

दोन्ही कॅमेरे मी आळीपाळीनं डोळ्याला लावले, आणि तिथे मला त्यांच्यातला फरक कळला. नव्यात ते अधिक-उण्याचं बटण एका बोटानं दाबून धरावं लागे आणि दुसऱ्या बोटानं चकती फिरवावी लागे. ती चकती माझ्या हाताला सापडेना. डोळा बाजूला घेऊन शोधावी लागे, तोवर समोरचा माणूस कंटाळतो. जुन्यात मागच्या बाजूला, अंगठ्याखालीच एक मोठं चाक होतं. डोळा छिद्राला लावलेला, आणि अंगठा नुसता सरकवला की आतल्या पट्टीवरचा काटा अधिककडे जायचा. उन्हात स्क्रीन काही दिसत नाही, पण इथे स्क्रीनकडे पाहायची गरजच नव्हती. आईसारखी बाई, जी फार तर एक श्वासभर उभी राहील, तिच्यासाठी हाच.

मी काटा थोडा पुढे नेला आणि मालकाचा फोटो काढला. शर्ट पांढरा शुभ्र, आणि वर त्याचं तोंड, जसंच्या तसं. तपकिरी, तेलकट, नाकाशेजारी चामखीळ, डोळ्यांत माझ्याविषयीची सगळी घाण. सुंदर फोटो होता.

"हा घेते," मी म्हणाले.

मी भाऊजींना फोन करून सांगितलं. पलीकडून हंबरडाच आला. "जुना माल? त्यात फोर-के व्हिडिओ हाय का? तुमाले फसवलं त्यानं! नवा सोडून भंगार घेऊन राह्यल्या!" मी म्हटलं, होय, भंगारच घेऊन राहिले. आणि फोन ठेवला. मालकाला म्हटलं, थोडं कमी करणार होतात, ते करा. तो म्हणाला, ते नव्यावर होतं. मी म्हटलं, नाही, ते विधवेवर होतं. भांडेवाला फसकन हसला. मालकानं कमी केले. तोंड वाकडं करून केले, पण केले.

लग्नापर्यंत मी घरादाराचा जीव खाल्ला. शेजारणी, गल्लीतली पोरं, दारावर येणारा दूधवाला, सगळ्यांना पांढरी चादर अंगावर घ्यायला लावून उन्हात उभं केलं. कुत्रीसुद्धा मला पाहून पळत. अंगठा आपोआप चाकावर जायला लागला. आई तेवढी हाती लागली नाही. मी कॅमेरा काढला की ती आत, मी आत गेले की ती मोरीत. एकदा मी चिडून म्हणाले, "तुह्यासाठीच घेतला ना हा!" ती म्हणाली, "म्या मांगतला होता का?"

लग्नात भावानं कोणाला बोलावलं असेल? त्याच स्टुडिओवाल्याला. आता तो ड्रोन उडवतो. भाऊ म्हणाला, "ताई, तुहे तू काढ, पण सासरचे लोक काय म्हणतीन? प्रोफेशनल पायजे ना एक." मांडवात स्टुडिओवाला मला दोनदा म्हणाला, "मॅडम, तुमचा डब्बा जरा बाजूले घ्या, फ्रेममध्ये येऊन राह्यला." मी जागची हलले नाही. दुपारचं ऊन, पांढरे कपडे, तेच सगळं. मी काढत राहिले. मावश्या, काका, हळदीनं पिवळे हात, घामेजलेले चेहरे, नवरीच्या बापाचे भरून आलेले डोळे. आई लग्नभर माझ्या पाठीमागे राहिली. मी वळले की तीही वळायची. सगळं लग्न झालं, सगळ्या माणसांचे फोटो झाले, आणि जिच्यासाठी कॅमेरा घेतला तिचा एक फोटो माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे अजून घरातच होते. पहिली पंगत उठल्यावर भावानं माझं कार्ड टीव्हीला जोडलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. खोटं नाही सांगत, मला वाटलं होतं लोक म्हणतील, वा!

पहिला फोटो आला आणि मोठी मावशी किंचाळली, "अवं माय! हे कोन? मी हाय का हे?"

"मावशी, तुमीच हाय," मी म्हणाले.

"इतली काळी हाव का मी? काढून टाक, काढून टाक ते!"

मग सगळ्यांना कंठ फुटला. हिच्या कपाळावरच्या सुरकुत्या कायले दाखवल्या, तिच्या मानेचा काळा पट्टा कायले दाखवला, पोरीले लग्नात तरी चांगलं दाखवायचं. भाऊजींनी लगेच मोबाइल काढला. स्टुडिओवाल्यानं सकाळीच चार नमुने पाठवले होते. त्यात सगळे सारखे गुलाबी, सारखे गुळगुळीत. मावश्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी दिसत होत्या. "याले म्हणते फोटो!" भाऊजी म्हणाले. "तुमचं तं ताई, गाढवापुढं वाचली गीता. सांगतलं होतं नवा घ्या." मोबाइल हातोहात फिरला. नवी सून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू, पण माझे डिलीट करता का?" तिचे डोळे भरले होते. मला तिला एक चापट द्यावीशी वाटली आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. मी म्हटलं, करते.

मला सणकून राग आला होता. स्टुडिओवाल्याचा नाही. ह्यांचा. ह्यांच्या रंगासाठी मी बाजारात तमाशा केला होता, आणि ह्यांनाच तो नको होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. ती किती वेळ तिथे उभी होती कोणास ठाऊक. हाताला कणीक तशीच.

"वळखू येऊन राह्यल्या ना सगळ्या?" ती म्हणाली.

टीव्हीवर मोठी मावशी होती, घामानं भिजलेली, तोंड उघडं टाकून हसणारी.

"ही माही बहीन हाय. हसली की अशीच दिसते, लहानपनापासून. मले तं वळखू आली. मंग काय मेलं तुमचं? नसन पायजे तं नका पाहू. पोरीच्या मेहनतीले हसता कायले?" मग भाऊजींकडे वळून, "आनं तुमी जवाई, तो मोबाइल खिशात घाला."

जावयाशी आई असं कधीच बोलली नव्हती. भाऊजींनी मोबाइल खिशात घातला. आई आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती पांढरी साडी नेसून, केस चापून बांधून. कोणाकडे न पाहता बैठकीतून सरळ अंगणात गेली. नळाजवळच्या ओट्यावर, भर उन्हात, बसली.

"ये इकडं," तिनं हाक मारली. "काढ. आनं मले हास म्हनू नको."

मी कॅमेरा घेऊन धावले. पाहुणे दारात गोळा झाले. आईचा श्वास अजून जोरात चालला होता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू भांडण माझ्याशीच आहे. मी डोळा लावला. अंगठा चाकावर आपोआप गेला. एकच काढला. दुसरा काढायची माझी हिंमत झाली नाही.

तिनं हात पुढे केला. मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि पदराची सावली धरली. ती पाहत राहिली. काळी, कपाळावर आठ्या, गालफडं बसलेली, खालचा ओठ घट्ट दाबलेला, डोळे जळते. इतक्या वर्षांनी ती स्वतःचा फोटो पाहत होती. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, थोडी उजळ कर. म्हणाली असती तर मी केलं असतं, तिची शपथ. त्या क्षणी मी काहीही केलं असतं.

"बम म्हातारी झालो वं मी," ती म्हणाली. मग पुन्हा पाहिलं. "पन मीच हाय."

कॅमेरा तिनं माझ्याकडे परत दिला.

"हाच लावजो मंग," ती म्हणाली. "आनं गोरी केली तं पाह्य."

मला समजायला वेळ लागला, कुठं लावजो. भिंतीवर, बापाच्या शेजारी. कधी, तेही समजलं. इतके महिने मी याच फोटोसाठी दुकानदाराशी, भाऊजींशी, भावाशी, तिच्याशी भांडले होते, आणि तो मिळाला तर माझ्या हातात तो धरवेना.

"चूप बैस!" मी तिच्यावर ओरडले. "काहीच्या काही बोलून राह्यली! इथंच हायस तू, अजून वीस वर्षं कुठं जात नाही!"

दारातले पाहुणे दचकले. आईनं गुडघ्यांवर हात टेकले, उठली, साडीला लागलेली माती झटकली.

"बोंबलते काहून वं?" ती म्हणाली. "तुलेच तं पायजे होता."